तांबड्या चष्म्यातला शंकू

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, कॉलेजातला एकुलता एक कॉम्प्युटर कुलपात राहत असे त्या काळात, सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्याच परीक्षेत माझा ड्रॉइंगचा विषय राहिला. शंकू तिरपा कापला तर आतला आकार कसा दिसेल, हे कागदावर काढायचं असे आणि मला मुळात शंकूच दिसत नसे. पुन्हा राहिला तर वर्ष वाया. सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या वडिलांनी साताऱ्यात अख्ख्या गल्लीला मी इंजिनिअर होणार हे आगाऊच कळवून ठेवलं होतं.

नेमका तेव्हाच ड्रॉइंगच्या सरांना आधुनिकतेचा झटका आला. मुंबईहून त्यांनी पुठ्ठ्याचे चष्मे आणले. एका डोळ्यावर तांबडा जिलेटिन कागद, दुसऱ्यावर निळा. त्याच दोन रंगांत छापलेलं चित्र यातून पाहिलं की शंकू उठून उभा राहतो, असं सर सांगत. महिन्याभरात पोरांनी चष्म्यांची वाट लावली. मग शिपायानं गॅदरिंगच्या दिव्यांसाठी आणलेला जिलेटिन कागद कापून सगळे चष्मे दुरुस्त केले. त्याच्याकडे उरला होता फक्त तांबडा. सरांचा स्वतःचा चष्मा धड होता, तो त्यांच्या खिशात असे.

दिसलं का, असं सर विचारत आणि सगळा वर्ग दिसलं म्हणे. मीही म्हणे. मनातून मात्र मेल्याहून मेल्यासारखं होई. सगळ्यांना दिसतंय आणि आपल्यालाच नाही, म्हणजे खोट आपल्याच डोक्यात, याची मला खात्री पटली होती.

मग मत नोंदवायचे फॉर्म आले. चष्मा उपयोगी वाटला का, मोकळेपणानं लिहा. वर रोल नंबर. आणि ज्या टर्मवर्कवर सही नसेल तर परीक्षेला बसता येत नसे, त्यावर सही करणारे सरच. इतक्या मोकळेपणात खरं कोण लिहिणार? मी लिहिलं, शंकू हाताला लागेल इतका स्पष्ट दिसला.

त्या दिवशी हॉस्टेलवर मी खोलीतल्या सोबत्याला रडकुंडीला येऊन खरं सांगितलं. तो कुंडलचा, ऊसवाल्या घरातला.

"मला तरी कुटं दिसतंय?" तो म्हणाला. "दोन्ही डोळ्यांस्नी तांबडंच हाय की रं."

"मग फॉर्मवर काय लिहिलंस?"

"लय भारी म्हनून लिवलंय. सही पायजे न्हवं गड्या?"

त्यानं मेसमधून एक जाड गाजर आणलं, ब्लेडनं तिरपं कापलं आणि कापलेली बाजू माझ्या नाकासमोर धरली. लांबट गोल. महिनोन् महिने जे डोक्यात शिरलं नव्हतं ते एका गाजरानं शिरवलं. उरलेलं आम्ही खाऊन टाकलं.

पेपर चांगला गेला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, हे छेद इतके नेमके कसे जमले? त्यांच्या मागे सर उभे होते. चष्म्यामुळे, मी म्हणालो. सरांनी माझा फॉर्म काचेत घालून ड्रॉइंग हॉलच्या दाराशी लावला. एकाही पोराची तक्रार नव्हती, तेव्हा चष्मे तपासायचा प्रश्नच आला नाही.

पुढच्या वर्षी धाकटी बहीण त्याच कॉलेजात आली. दोन महिन्यांनी कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर मान खाली घालून बसली.

"दादा, तुझा फॉर्म मी रोज वाचते. सगळ्यांना दिसतं. मलाच का दिसत नाही?"

मी तिला गाजर आणि ब्लेड आणायला सांगितलं. चष्म्याबद्दल मात्र काही बोललो नाही. माझ्या यंदाच्या एका विषयाच्या टर्मवर्कवर सरांची सही अजून व्हायची होती.