जपानी गाडीची मागची सीट

लग्न होऊन मी काल्हेरला आले तेव्हा सासरच्यांची शेती संपली होती. भाताच्या खाचरांवर भराव पडला होता आणि त्यावर गोडाऊनं उभी होती. नवऱ्याला नोकरी करायची गरज नव्हती आणि धंदा करायची हौस नव्हती. त्याचा सगळा जीव त्याच्या गाडीत होता. सहाशे सीसीची, चार सिलिंडरची जपानी मोटारसायकल, आमच्या लग्नाच्या कितीतरी आधी बनलेली. चार-पाच मालकांच्या हातून फिरत ती आमच्या पडवीत आली होती. ती पडवीत यायच्या आधी तिथे सासूबाईंची सुकी मासळी वाळायची. मासळी मागच्या दारी गेली.

सकाळी चोक ओढून तो ती चालू करायचा. मग ती गरम होईपर्यंत कुणी मध्ये यायचं नाही, बोलायचं नाही. चार कार्बोरेटर एका सुरात लागले की नाही ते तो मान वाकडी करून ऐकायचा. माझी मुलगी तेव्हा पाळण्यात होती. त्या आवाजाने ती दचकून उठायची आणि रडायची. तो दारातून ओरडायचा, "तिला गप कर, मला आवाज ऐकू दे."

गाडीच्या खोडी मला हळूहळू कळत गेल्या. टाकी भरलेली असली की ती वरून जड व्हायची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी हळू वळताना ती अचानक आतल्या बाजूला पडायला बघायची. मग नवरा पाय टेकून, दातओठ खाऊन तिला सावरायचा, आणि आधी इकडेतिकडे बघायचा, कुणी पाहिलं तर नाही ना. ब्रेक दाबला की पुढचं तोंड खाली जायचं आणि मी त्याच्या पाठीवर आदळायचे. "पाठीवर नको पडूस," तो म्हणायचा. पण खरी खोडी वेगळीच होती. नव्वदच्या पुढे गाडी गेली की मागचा भाग डुलायला लागायचा. आधी अगदी थोडा, झोपाळ्याला कुणी बाजूने बोट लावावं तसा. पुढे बसणाऱ्याच्या हातात हँडल असतं, त्याला ते उशिरा कळतं. मागे बसणाऱ्याच्या खाली चाकच असतं. मला ते कंबरेत कळायचं.

रविवारी सकाळी बायपासवरच्या एका चहाच्या टपरीवर या जुन्या जपानी गाड्यांचे मालक जमायचे. पाच-सहा जण, सगळे आसपासच्या गावांतले. प्रत्येकाचं एक मत होतं आणि ते मत त्याच्या गाडीपेक्षा जुनं होतं. एक म्हणायचा, या कंपनीची चेसिस रबरासारखी असते, त्या कंपनीची घ्या. दुसरा म्हणायचा, सगळा खेळ टायरचा आहे. तिसरा टायरवाल्याला हसायचा. वादात कुणीच कधी हरलं नाही. त्या सगळ्यांत मोठा आवाज होता नवऱ्याच्या जवळच्या दोस्ताचा. तो ट्रान्सपोर्टच्या धंद्यात होता. "जपानी गाडी चुकत न्हाय," तो म्हणायचा, "चालवणारा चुकतो." ते वाक्य नवऱ्याला इतकं आवडायचं की घरी वरणात मीठ जास्त पडलं तरी तो ते वापरायचा.

नवरा मला तिथे न्यायचा, कारण बाकीच्यांच्या बायका यायच्या नाहीत. एका रविवारी मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो, जोरात गेलं की मागचं डुलतंय. एकदा कुणाला तरी दाखवा ना."

मग ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, "वहिनी, गाडी नाय डुलत, तुम्ही डुलताय. भाकऱ्या कमी करा."

बाळंतपणानंतर माझं वजन वाढलं होतं. ते सगळ्यांना दिसत होतं आणि मला तर दिसत होतंच. सगळे हसले. सगळ्यात जास्त नवरा हसला. त्यानंतर त्या टपरीवर माझं नाव 'लोड' पडलं. "आज लोड आणलाय का रे?" "लोड घेऊन मायलेज किती देते?" मी चहा पीत बसायचे. कप लवकर संपला तर काय करायचं कळायचं नाही, म्हणून हळू प्यायचे.

पावसाळा संपल्यावर एका रविवारी सगळे नाशिक हायवेने निघाले. मुलगी सासूबाईंकडे होती. पडघ्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला आणि दोस्ताची गाडी आम्हाला मागे टाकून गेली. नवऱ्याने रेस पिळली. पुढे एक कंटेनर होता, त्याला ओलांडताना मोठं वळण आलं आणि मागचं डुलायला लागलं. मी त्याच्या पाठीवर थापट मारली. त्याने ऐकलं नाही. डुलणं वाढत गेलं, एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त. मग त्याला ते कळलं आणि त्याने घाबरून एकदम रेस सोडली. त्यानंतर गाडी कुणाचीच राहिली नाही.

मी रस्त्याच्या कडेला मातीत पडले. तोंडात माती होती. उजवा हात हलत नव्हता आणि खांदा कुठेतरी भलत्याच जागी गेल्यासारखा वाटत होता. नवऱ्याचे गुडघे सोलवटले होते, बाकी तो धड होता. तो उठला, लंगडत गाडीकडे गेला, टाकीवरची माती पुसली, पेट्रोल गळतंय का बघितलं. मग माझ्याकडे आला.

"उलटी झुकलीस ना?" तो म्हणाला.

तोपर्यंत बाकीचे येऊन थांबले होते. ते त्यांना ऐकू जावं म्हणून तो मोठ्याने बोलला होता.

खांद्याचं ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी टाकली. मी घरी आले ती पुढच्या खोलीत, पलंगावर, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या समोर. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला नवरा तीच गोष्ट सांगायचा. "वळणावर गाडीसोबत झुकायचं असतं. ही घाबरून उलटी झुकली. मी काय करणार?" हाताने वळण दाखवायचा, मग पंजा विरुद्ध बाजूला पाडायचा. तो पंजा म्हणजे मी. लोक माझ्याकडे बघून चुकचुकायचे. सासूबाई पायाशी बसून म्हणायच्या, "मागं नीट बसायला काय लागतं गो? आमी बैलगाडीत उभ्यानं गेलो, कदी पडलो न्हाय."

मला मुलीला उचलता येत नव्हतं. ती पलंगाला धरून उभी राहायची आणि हात वर करायची. काही दिवसांनी तिने माझ्याकडे हात वर करणं सोडलं, ती सासूबाईंकडे करायला लागली. सासूबाई तिला कडेवर घेऊन मला सांगायच्या, "बघ, तुला इसरली."

नवऱ्याने गाडी दुरुस्त करून घेतली, पण नंतर ती चालवली नाही. भीती बसली असं तो कधी म्हणाला नाही. दुसरी बघतोय, म्हणाला. गाडी ट्रान्सपोर्टवाल्याने घेतली. सौदा माझ्या पलंगाशेजारीच झाला, मी झोपलेय असं समजून. "गाडीत फॉल्ट नाय, मला म्हाईत हाय," दोस्त म्हणाला. "मागं बसणारं नीट पायजे." नवरा म्हणाला, "तेच तर."

ट्रान्सपोर्टवाल्याचं नवीनच लग्न झालं होतं. टेमघरला एका हळदीत त्याची बायको मला भेटली. सडपातळ, हौशी, हातभर मेंदी. मी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "त्या गाडीवर मागे बसू नकोस. जोरात गेली की मागून डुलते. मी सांगितलं होतं, कुणी ऐकलं नाही."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "पण वहिनी, तुम्ही उलट्या झुकलात ना?" ती गोड आवाजात म्हणाली. "हे मला सांगत होते. मला कसं झुकायचं ते त्यांनी शिकवलंय." मग ती मैत्रिणींकडे गेली आणि तिथे काहीतरी बोलली. सगळ्यांनी वळून माझ्या खांद्याकडे बघितलं.

काही महिन्यांनी एका दुपारी ट्रान्सपोर्टवाला आमच्या अंगणात आला तो आरडाओरडा करतच. एका गालाची सालटी निघाली होती, हाताला पट्टी होती. नवरा पडवीत बसला होता.

"फसवलास मला! दोस्तीत फसवलास!"

"काय झालं?"

"बायपासला नव्वदला होतो. मागचा असा हलला, असा हलला, डिव्हायडरवर घातली मी. मेकॅनिकनं खोलली. मागचं चाक धरणारा चिमटा हातानं हलतोय, हातानं! बुश खल्लास, शॉकअब खल्लास. हे जुनं हाय, तो म्हणाला. तुला म्हाईत होतं."

नवरा शांतपणे म्हणाला, "गाडी चांगली होती. तुला झेपली नाय."

जी गोष्ट तो दोस्त सगळ्या जगाला ऐकवायचा, ती पहिल्यांदाच त्याच्या वाट्याला आली होती. मी मुलीला डाव्या कडेवर घेऊन दारात उभी होते. मला फार बरं वाटत होतं, ते लपवायची मला गरजही वाटली नाही.

"भाऊजी," मी विचारलं, "मागे कोण बसलं होतं?"

"कोन न्हाय. एकटा होतो."

"मग उलटं कोण झुकलं?"

दोघांनीही माझ्याकडे बघितलं. दोस्ताने मान खाली घातली. नवरा म्हणाला, "तू आत जा."

मी आत गेले नाही. दोस्त तसाच निघून गेला. तो गेल्यावर मी नवऱ्यासमोर उभी राहिले आणि वाट बघितली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

"चिमटा नंतर गेला असेल," तो म्हणाला. "तुझ्या वेळेला तू झुकलेलीसच."

महिन्याभरात त्या दोघांची दोस्ती पूर्ववत झाली. आधीच्या मालकाने दोघांनाही फसवलं, असं त्यांच्यात ठरलं. गाडी त्यांनी शेलार गावच्या कुणाला विकली. घेणारा लग्न झालेला माणूस होता, बायकोला मागे बसवून घेऊन गेला. मी विचारलं, बुश बदलून दिले का? नवरा म्हणाला, "ते त्याचं तो बघंल."

दसऱ्याला नवरा दुसरी गाडी घेऊन आला. पुन्हा जुनी, पुन्हा जपानी, या वेळी दोन सिलिंडरची. ही जमिनीला कशी चिकटून चालते, चार सिलिंडरमध्ये ती मजा कधी नव्हतीच, असं तो सांगत होता. अंगणात शेजारपाजार जमला होता. ट्रान्सपोर्टवाला आणि त्याची बायकोही आली होती. सासूबाईंनी गाडीला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं आणि मला म्हणाल्या, "बस गो मागं. जोडीनं एक चक्कर मारून या."

"मी नाही बसणार," मी म्हणाले.

"घाबरली," नवरा लोकांकडे बघून हसला. लोकही हसले.

"माझं सोडा," मी म्हणाले. "मला झुकता येत नाही. भाऊजींना बसवा मागे. त्यांना सगळं कळतं, नीट झुकतील."

ट्रान्सपोर्टवाल्याने हात झटकले. "मी कशाला मागं बसू? माझी गाडी हाय बाहेर."

"एक चक्कर फक्त. मित्राच्या नव्या गाडीवर."

"मी मागं बसत न्हाय."

"का?"

त्याने खिशातून मोबाईल काढला. इतक्या रविवारांत, इतक्या गाड्या, इतकी मतं, पण यांच्यातला एकही दुसऱ्याच्या मागे बसलेला मी कधी पाहिला नव्हता. नवऱ्याने त्याच्याकडे बघितलं. "बस रे," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. दोस्त एक पाऊल मागे सरला.

तेव्हा त्याची बायको बोलली, हळदीत बोलली होती तशाच गोड आवाजात. "बसा ना. काय होतंय? फक्त घाबरायचं नाही."

आधी मी हसले, मग ती हसली. मग शेजारच्या बायका हसल्या, पदर तोंडाला लावून, पण चांगल्याच जोरात. नवऱ्याने गाडी चालू केली आणि तो एकटाच गेटबाहेर गेला. माळ हँडलमध्ये अडकली, त्याने ती तोडून रस्त्यात टाकली. दोस्त लाल चेहऱ्याने मोबाईल बघत उभा होता. सासूबाई माझ्यावर ओरडत होत्या की सणासुदीला नवऱ्याचं असं तोंड पाडतात का, आणि मी हसतच होते. खांदा दुखायला लागला तरी मला थांबता येईना. गाडीपुढे फोडायचा नारळ तसाच ताटात राहिला. दुसऱ्या दिवशी मी तो खवून त्याची चटणी केली.