उतू जाणारं दूध

“लोकांच्या घरी दूध उतू घालवायला लावता, आपल्या घरी कधी?” रंजनाचं नवऱ्याशी हे भांडण साऱ्या चाळीला पाठ होतं.

सुकलाल लग्नं टिपायच्या व्हिडिओ कॅमेऱ्यानेच विकाऊ घरांच्या कॅसेटी काढायचा, म्हणजे खानदेशातल्या माणसाला सुरतेला न येता घर बघता यावं. पाटाला कापडाच्या लूमची जुनी बेअरिंगं चाकांसारखी लावून तो कॅमेरा घेऊन वर बसे, रंजना त्याला खोल्याखोल्यांतून ढकले. शेवटी गृहप्रवेशाला करतात तसं ती कोऱ्या ओट्यावर दूध उतू घालवी. बघणाऱ्याला घर आपलंच वाटे.

मग मालकाने त्यांचीच भाड्याची खोली विकायला काढली. सुकलाल कॅमेरा घेऊन उंबऱ्यात उभाच राहिला.

“बसा पाटावर,” रंजना म्हणाली. “आज आपल्याही घरी घालवू.”

बिऱ्हाड बांधून झालं, तसा सुकलाल नेहमीसारखा सायकलवरून मालकाला कॅसेट पोचवून आला.