नांदेडात होळीला ‘पूर्ण घर’

शिखांच्या होला मोहल्ल्याची मिरवणूक एकदा पाहायचीच, असं ठरवून बायकोसह पुण्याहून निघालो. पहिला मुक्काम लातूरला. तिथल्या खोल्या शिकवण्यांच्या मुलांनी मेपर्यंत भरलेल्या असतात, प्रवाशाने स्टँडजवळचा लॉज गाठावा. सकाळी अहमदपूर, लोहा करत नांदेड.

होळीच्या आठवड्यात नांदेडात लॉज मिळत नाही, मिळाला तर भाडं दुप्पट. मग राहती घरंही मोबाइलवर भाड्याने लागतात. गुरुद्वाऱ्यापासून चालत जाता येईल असं एक घर आम्ही आधीच धरलं होतं. जाहिरातीत ‘पूर्ण घर’ लिहिलेलं.

मालकीण मंगलताईंनी चावी दिली. मागच्या खोलीत त्यांची मुलगी पूजा पुस्तकं पसरून बसली होती.

“उद्या बारावीचा पेपर हाय तिचा, दादा. अभ्यास करून राहिली. आवाज न्हाई करायची.”

“पण आम्ही पूर्ण घर घेतलंय ना?” मी म्हणालो. बायकोने माझा दंड दाबला, तोवर बोलून झालं होतं. ताई काही म्हणायच्या आत मुलीनेच पुस्तकं गोळा केली.

मिरवणूक बघण्यासारखीच आहे. घोडे, निशाणं, गुलाल. दुपारीच जाऊन जागा धरा, लंगरात जेवा. परतताना गाड्यावर अर्धापूरची केळी घेतली आणि गल्लीच्या तोंडाशी थबकलो. पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर पूजा वाचत होती. गिरणी चालू, वहीवर पिठाची साय. शेजारी ताई कुणाचं तरी दळण चाळत होत्या.

मी म्हटलं, घरी चला, माझंच चुकलं.

“नको दादा. मागं एकानं मोबाइलवर लिहिलं, घरात माणसं राहतात म्हणून. मग दसऱ्याला कुणी आलंच न्हाई. तिच्या पुढच्या शिक्षणाचं ह्याच्यावरच हाय.” मग हळूच म्हणाल्या, “तुम्ही तसं लिहू नका, एवढंच.”

केळी पूजाला द्यायला पुढे केली. तिने ‘थँक्यू अंकल’ म्हणून घेतली आणि पुन्हा मान खाली घातली.

सकाळी आम्ही उठलो तेव्हा ती तिकडूनच पेपरला गेली होती.

पुण्यात आल्यावर मोबाइलने अभिप्राय मागितला. खरं लिहावं तर ताईंचा दसऱ्याचा हंगाम बुडणार. पाच तारे दिले आणि लिहिलं: ‘घर स्वच्छ, अतिशय शांत.’ ताईंचा लगेच फोन आला, दोनदा आभार मानले. पेपर कसा गेला, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.