हेडपर्यंत न पोचलेलं तेल

माझ्या वडिलांना कुणी काही सांगू शकत नाही, हे आई आयुष्यभर सांगत आली. मला ते पूर्ण पटलं गेल्या उन्हाळ्यात, त्यांच्या तीस वर्षं जुन्या मोटारसायकलशेजारी उकिडवं बसून.

अचलपूरजवळ आमचं फुलांचं शेत आहे. झेंडू, गलांडा. वडील पहाटे फुलं तोडून घेतात आणि मोटारसायकलवर लादून अकोटच्या बाजारात नेतात. वय सत्तर. मी अमरावतीला राजापेठेत क्लासमध्ये दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. एप्रिलमध्ये एका सकाळी त्यांचा फोन आला.

"अंजनगावच्या अलीकडं गाडी जाम झाली. फुलं ऑटोत पाठवली. तू ये."

दोन एसट्या बदलून मी पोचले, तोवर त्यांनी गाडी पुन्हा सुरू करून पुन्हा जाम केली होती; ते लिंबाखाली बसून पिण्याच्या बाटलीतलं पाणी इंजिनावर ओतत होते. चर्रकन वाफ उठत होती.

"बाबा! तापलेल्या इंजिनावर थंड पाणी टाकलं तर ते तडकतं!"

"तुह्या पुस्तकात तडकत असीन. आपल्या गाडीले सवय हाय."

तासाभराने इंजिन निवलं, किक खाली गेली आणि गाडी खडखडत सुरू झाली. "पाह्यलं?" ते म्हणाले, जणू पाण्यानेच सगळं जमवलं होतं.

मी ठरवलं, आता ही गाडी नीट करूनच सोडायची. दर रविवारी गावी जायचं आणि भांडायचं, असा कार्यक्रम सुरू झाला.

पहिलं भांडण गोण्यांवरून. ते फुलांच्या दोन मोठ्या गोण्या पुढच्या गार्डला बांधायचे. मधलं इंजिन भर उन्हाळ्यात दुलई पांघरून झोपल्यासारखं. पाण्याने थंड होणारी गाडी नाही ती, तिला वाराच लागतो. मी म्हटलं, गोण्या मागे बांधा.

"मागं बांधल्या का फुलं धक्के खातात."

"आणि पुढे बांधल्या की इंजिन मरतं."

"इंजन काय बाजारात विकाचं हाय?"

दुसरं भांडण तेलावरून. मी विचारलं, ऑइल शेवटचं कधी बदललं? त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "बदलाचं काय काम? कमी झालं का टाकतो." मी खालचा नट उघडला, तर डांबरासारखं काहीतरी गळायला लागलं. त्यात त्यांनी ट्रॅक्टरचं उरलेलं तेलही मिसळलेलं होतं, कारण जाड तेल इंजिनात टिकतं. मी अंगणात विटकरीच्या तुकड्याने आकृती काढली. तेल खालून पंपाने वर जातं, डोक्यावरच्या भागांना पोचतं, घर्षण कमी करतं, उष्णता घेऊन परत येतं. जाड असेल तर सकाळी वर चढायलाच वेळ लागतो. वडिलांनी सगळं ऐकलं, मग पायाने आकृती पुसत म्हणाले, "गाईले इकडून न्याचं हाय."

माझ्या वर्गातल्या सगळ्यात ढ मुलाचीही मला त्या दिवशी माया आली.

नवं, योग्य तेल भरलं तरी गाडी तापतच होती. शेवटी जूनच्या सुरुवातीला मी ती टेम्पोत घालून अमरावतीला आणली. सोबत वडीलही आले, गाडी एकटी सोडायची नव्हती म्हणून. क्लासजवळच्या मिस्त्रीला मी म्हटलं, "हिला ऑइल कूलर बसवा." तेल थंड करणाऱ्या या जाळीबद्दल मोबाईलवर बरंच पाहून ठेवलं होतं. मिस्त्रीने माझं ऐकलं आणि उत्तर वडिलांना दिलं.

"काकाजी, कूलर मंग पाहू. आंदी तेल वर चढून राहिलं का नाई ते पाहू."

त्याने हेडला, म्हणजे इंजिनाच्या डोक्याला जाणारी पाइप सैल करून गाडी सुरू केली. तेल उडायला हवं होतं. बराच वेळ काहीच नाही, मग दोन थेंब. त्याने बाजूचं कव्हर उघडलं, आत चिमटा घातला आणि एक लाल, रबरासारखी पट्टी ओढून काढली. तेलाच्या वाटेतच अडकलेली.

"कोन्या मिस्त्रीनं केलं हे? एवढं सिलिकॉन? हात तोडाले पायजे त्याचे."

ती लाल पट्टी मी ओळखली. दिवाळीत गाडीखालच्या तेलाच्या डागांनी माझी रांगोळी खराब झाली होती. वडील बैठकीत झोपले होते तेव्हा मीच गळती बुजवणाऱ्या सिलिकॉनची एक ट्यूब आणून, मोबाईलवर व्हिडिओ पाहून, कव्हर खोललं आणि पोळीला तूप लावावं तसं सिलिकॉन लावलं. वरून खात्रीसाठी आणखी थोडं. गळती थांबली, म्हणून आठवडाभर मिरवलेही होते. जादा लेप आत सुटून पुढे सरकला असणार.

दोन महिने मी या माणसाला फैलावर घेत होते.

"मी लावलं ते," मी म्हटलं.

मिस्त्रीला एकदम दुसरा पाना शोधायचं सुचलं. वडिलांनी पट्टी हातात घेऊन ताणून पाहिली.

"यानं काई नाई होत. तू तेल पातळ टाकलं, म्हनून तापते."

"बाबा, गाडी जाम झाली तेव्हा तुमचंच जाड तेल होतं. चूक माझी आहे."

"तुही कायची चूक? तू का अंजनगावले होती?"

मला माफीसुद्धा मागू दिली नाही. ते मला सांभाळून घेत होते की खरंच त्यांना तसं वाटत होतं, आजही मला ठाऊक नाही. विचारलं असतं तर आणखी एक तास वाद झाला असता.

मिस्त्रीने तेलाच्या वाटा धुतल्या, पंप बदलला, हेडमधले झिजलेले भाग नवे घातले आणि हेडपर्यंत एक जादा पाइप टाकली. इंजिनाबाहेरच्या, वारा घेणाऱ्या पट्ट्यांमधून चिखल आणि वाळलेल्या पाकळ्यांचे थर खरवडून काढले. कूलर लागलाच नाही. मागे क्रेट ठेवायला लोखंडी स्टँड झालं. त्याला वडील तयार झाले, कारण ते मिस्त्रीने सांगितलं.

त्यानंतरच्या रविवारी गावाहून फुलं घेऊन मी गाडी चालवायला बसले, वडील माझ्यामागे. इंजिन एकसुरात चाललं होतं. अंजनगावपर्यंत त्यांनी मला गिअर लवकर टाकते, ब्रेक उशिरा दाबते, खड्डे मोजून घेते, असं सगळं सांगितलं. तिथल्या स्टँडवर मी गाडी थांबवली, चावी त्यांच्या हातात दिली आणि परतीच्या एसटीत जाऊन बसले. खिडकीतून दिसलं, ते आधी खाली वाकले, डिपस्टिक काढून पुसली, तेल पाहिलं, मग अकोटच्या रस्त्याला लागले.