सावकाशताई हवेत

डेपोत तिला सावकाशताई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला राग येत नसे, कारण त्यात खोटं काही नव्हतं. बस चालवताना पुढे सायकल आली, कुत्रं आलं, नुसती सावली हलली तरी तिचा पाय आधी ब्रेकवर जाई. मागचे गाडीवाले हॉर्न वाजवून बेजार होत. "वाजवा," ती म्हणे, "बॅटरी तुमचीच उतरतेय." इतकी वर्षं बस चालवली, पण तिच्या गाडीमुळे कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. या गोष्टीचा तिला चांगलाच ताठा होता आणि तो लपवायच्या भानगडीत ती कधी पडली नाही.

तर अशी ही बाई एका संध्याकाळी डेपोतून थेट दिराच्या दुकानात आली आणि म्हणाली, "भावजी, मला तो मारामारीचा गेम शिकवा."

भावजींचं दुकान मोबाइल दुरुस्तीचं, इमारतीच्या तळमजल्यावर. मागच्या खोलीत एक टीव्ही आणि जुना गेम-बॉक्स. गिऱ्हाईक नसलं की भावजी त्या खोलीत सापडायचे, आणि गिऱ्हाईक असलं तरी बहुतेक तिथेच सापडायचे. त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि वहिनींकडे नीट पाहिलं.

"वहिनी, बरं आहे ना सगळं?"

बरं नव्हतं. लेक, घरातली ठमी, आपला गेम-बॉक्स घेऊन शिकायला दुसऱ्या शहरात, होस्टेलवर गेली होती. घरी होती तोवर तिच्या तोंडाचा पट्टा झोपेतच काय तो थांबायचा. आता फोन केला की तेच. जेवलीस? हो. अभ्यास? चाललाय. बरी आहेस ना? हो गं, ठेवते. पोरीचं काहीतरी बिनसलंय हे आईला आवाजावरून कळत होतं, पण खोदून विचारावं तर पोरगी आणखीच मिटायची. बाप छापखान्यात कामाला. तो म्हणायचा, मोठी झाली ती, किती जीव टांगणीला लावशील. बापांचं बरं असतं, एवढं बोलून ते कूस बदलतात. आई मात्र फोन ठेवला की तशीच बसून राहायची. एवढ्या फोनांतून ठमीच्या तोंडून एकच काय ते धड वाक्य निघालं होतं: "रविवारी दुपारी गेम खेळते, तेवढंच बरं वाटतं." तेवढंच! हा शब्द आईने घट्ट धरून ठेवला होता.

हे सगळं तिने भावजींना सांगितलं नाही. "वेळ जात नाही," एवढंच म्हणाली. भावजीही शहाणे, त्यांनी पुढे विचारलं नाही.

त्यांनी पडद्यावर खेळाडूंची रांग दाखवली. "हा घ्या. पहाडासारखा आहे. जागचा हलत नाही, समोर आला त्याला धरून आपटतो. तुमच्या स्वभावाला अगदी फिट्ट."

"ती का नको? ती पंखवाली?"

भावजींनी कपाळाला हात लावला. त्या पंखवालीचं खरं नाव लांबलचक होतं, म्हणताना जीभ अडकायची, म्हणून भावजी तिला वावटळ म्हणायचे. तिचं सगळं काम हवेत. उडी, उडीवर आणखी एक उडी, हवेतल्या हवेत झेप, आणि वरून खाली लाथ. जमिनीवर तिला कुणी गाठलं तर दोन फटक्यांत खेळ खलास.

"वहिनी, मुरलेल्या पोरांच्या नाकी नऊ येतात तिला खेळवताना."

"माझी लेक तीच घेते. हॉलमध्ये बसून खेळायची तेव्हा मी ओरडायचे बंद कर म्हणून. त्या सगळ्यांत मला ओळखू येणारा चेहरा तेवढा एकच आहे."

भावजींनी वावटळ निवडली.

शिकवणी सुरू झाली, आणि पहिल्याच दिवशी भावजींनी हात टेकले. अहो, ही बाई वावटळीला झकास उडवायची, दुसरी उडीसुद्धा मारायची, आणि समोरचा अंगावर आला रे आला की डाव्या बोटाखालचं बटण करकचून दाबायची. ते बटण बचावाचं. जमिनीवर त्याने मार अडतो, पण वावटळ हवेत असताना ते दाबलं की तिचे पंख मिटतात आणि ती दगडासारखी खाली येते, तीही नेमकी समोरच्याच्या पुढ्यात.

"वहिनी, दाबू नका ते."

"मी कुठे दाबतेय? समोर माणूस आला ना."

"मारायलाच आलाय तो!"

"म्हणून काय अंगावर घालायची?"

आणखीही एक एक तऱ्हा. उडी मारण्याआधी मान उजवीकडे वळायची. तिथे भिंतीवर मोबाइल कंपनीचं कॅलेंडर होतं, पण तिला आरसा बघितल्याशिवाय गाडी काढायची सवयच नव्हती. समोरचा खाली पडला की ती हात आवरून त्याच्या उठण्याची वाट बघायची. का, असं भावजींनी विचारलं, तर म्हणाली, "पडलेल्या माणसावरून जायचं का?" भावजी दुकानात जाऊन पाणी पिऊन आले.

घरी नवऱ्यालाही पत्ता लागलाच. "हिने म्हणे आता उडायला घेतलंय," तो भावाला म्हणाला. "रस्त्यावर तर हिला बैलगाडीसुद्धा मागे टाकते." तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने पेपर उघडून बसला.

शेवटी भावजींनी आपल्या धंद्यातला उपाय केला. पुठ्ठ्याचा तुकडा कापून त्या डाव्या बटणाखाली सारला आणि वरून चिकटपट्टी मारली. आता जीव गेला तरी बटण दबणार नाही. तिने दाबून पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"ब्रेक फेल गाडी देताय मला?"

"तिला ब्रेक नाहीच, वहिनी. तिला फक्त वर आणि पुढे."

तो आठवडा वाईट गेला. समोरच्या बाजूने संगणक खेळायचा, तो तिला चारी मुंड्या चीत करायचा, ती पुन्हा सुरू करायची. शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली की स्टिअरिंगवर अंगठे नाचवत बसायची. वर, वर, पुढे, खाली. कंडक्टरने काळजीने विचारलं, "ताई, हाताला मुंग्या येतात का?" तिने हो म्हणून टाकलं.

मग केव्हातरी तिला कळलं, की समोरचा अंगावर येतो तेव्हा त्याच्यापुढे थांबायचं नसतं, त्याच्यावरून जायचं असतं. इतकी साधी गोष्ट, पण अंगवळणी पडायला किती छळावं लागलं जिवाला! ज्या दिवशी वावटळ एकदाही जमिनीवर न सापडता संगणकाला लोळवून उतरली, त्या दिवशी भावजी खुर्चीवरून उठून नाचले, आणि बाहेर मोबाइल घेऊन ताटकळलेलं गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं.

शनिवारी तिने लेकीला फोन केला. "उद्या माझ्याशी खेळतेस?"

"काय खेळू?"

"तुझा तो गेम. काकांकडे आहे. मी वावटळ घेते."

"कोण वावटळ? आई, तू? तुला रिमोट उलटा की सुलटा ते तरी कळतं का?"

कित्येक दिवसांनी पोरीच्या तोंडून एवढे शब्द एका दमात ऐकले आणि आईला भरून आलं.

रविवारी दुपारी भावजींनी इंटरनेटवरून ठमीचा गेम जोडून दिला, वहिनींच्या कानांवर हेडफोन चढवले, त्यांचा माइक तोंडाशी आणला आणि स्वतः बाहेर दुकानात जाऊन बसले. पडद्यावर दोन वावटळी समोरासमोर आल्या. लाल आईची, निळी लेकीची.

पहिला डाव ठमीने बघता बघता जिंकला. दुसरा जिंकायला तिला वेळ लागला. "अगं, तुला खरंच येतंय," हेडफोनमधून आवाज आला आणि मागोमाग हसणंही. तिसऱ्या डावात दोघीही वरच होत्या, कुणी खाली यायला तयार नाही. तेवढ्यात, हसणं अजून पुरतं विरलंही नव्हतं, आणि ठमी म्हणाली, "आई, मला इथे नाही गं जमत."

आईचे हात जागच्या जागी थांबले. लाल वावटळ धप्पकन खाली आली.

"काय झालं, बाळा?"

"थांबू नकोस ना." ठमीचा आवाज घाईचा झाला. "खेळत राहा. तू थांबलीस की मला सांगता येत नाही."

फार अवघड होतं ते. सगळं बाजूला टाकून पोरीचं तोंड बघावं असं तिला वाटत होतं, आणि ते तोंड तर दुसऱ्या शहरात. तिने वावटळीला उठवलं, वर नेलं, मारलं, मार खाल्ला, आणि ऐकत राहिली. वर्गात हिने तोंड उघडलं की मागे दोघी हसतात. खोलीतल्या मुली आपसांत बोलतात, ही आली की गप्प होतात. सगळ्यांचं जेवून झाल्यावर ही एकटी जेवायला जाते. आणि हट्ट करून हीच आली होती ना, मग आता कुठल्या तोंडाने सांगणार? डाव संपला की आई लगेच पुढचा सुरू करत होती. कोण जिंकतंय हे दोघींपैकी कुणीच बघत नव्हतं.

"मी परत आले तर?" ठमीने विचारलं.

 आईचे अंगठे थांबले नाहीत. "तर काय? ये."

"आणि बाबा?"

"बाबांचं मी बघते. इथे राहून शीक, नाहीतर दुसरं काही शीक, नाहीतर चार दिवस नुसती झोप. तुझं घर आहे. विचारतेस काय?"

 हेडफोनमध्ये नाक ओढल्याचा आवाज आला, मग आणखी एक, आणि मग पोरगी रडायलाच लागली, लहान असताना रडायची तशी, भोकाड पसरून. निळी वावटळ जमिनीवर नुसती उभी राहिली.

आईचेही डोळे भरले होते, पडदा पुसट दिसत होता. तिने लाल वावटळीला वर नेलं, आणखी वर नेलं, आणि तिथून खाली येऊन लेकीला एक सणसणीत लाथ घातली.

"आई! मी रडतेय ना!"

"रड की. नको कोण म्हणतंय? पण हात चालव."

निळी वावटळ हुंदके देत उठली आणि आईच्या अंगावर धावून गेली.