पुष्पलता गजभिये टीव्हीवर मरते

एप्रिल अर्धा सरला की नागपुरात सकाळ अशी राहतच नाही. कावळा ओरडतो न ओरडतो तोच ऊन गच्चीवर येऊन बसतं. म्हणून कुरड्या घालणाऱ्या बाया उन्हाच्याही आधी गच्चीवर पोचतात. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून, पिळून, त्याचा चीक बसवलेला असतो. मोठ्या गंजात पाणी उकळायला लागलं की एकीनं चीक ओतायचा आणि दुसरीनं लाकडी दांड्यानं हाटत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच. मग गरम-गरम चीक साच्यात भरायचा, नि जुन्या लुगड्यावर एकेक कुरडई पाडत जायची. हे एकटीचं काम नाही. आज हिच्या घरचं, उद्या तिच्या घरचं, असं सगळ्या गल्लीचं उन्हाळ्याचं काम पार पडतं.

त्या दिवशी पाळी पुष्पलता गजभियेची होती. गच्ची मात्र दोघींची, तिची आणि शेजारच्या अंजनाबाई मेश्रामची. दोन घरांच्या मधली भिंत वर येता येता संपून गेलेली.

"हात चालव वं पुष्पे," अंजनाबाई खाली बसून साचा दाबता दाबता म्हणाल्या. "नाटकात मरता मरता तुले दम लागत नाही, अन् इथं चीक हाटताना लागून राहिला?"

"नाटकात मरणाचे पैसे भेटत होते मावशी. चिकाचे कोण देते?"

बाया हसल्या. अंजनाबाईंची सून भावना तर इतकी हसली की तिच्या हातची कुरडई लांबच लांब झाली.

पुष्पलताबाईंनी उभी उमर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत घालवली. दिवाळी झाली की नाटक कंपन्यांच्या वडसा गावाकडे निघायचं. गावोगावच्या मांडवांत रात्र-रात्र नाटकं करायची आणि होळीच्या सुमारास घरी यायचं. नवरा देवराव मिहानमध्ये एका गोदामावर चौकीदार. तोवर घर तोच सांभाळायचा. बाई दिसायला सावळी, आवाज मोठा, आणि मरण्यात तर तिचा हात कोणी धरत नसे. सोशिक आई म्हणा, फसवलेली बहीण म्हणा, मालकानं हाकललेली मोलकरीण म्हणा, शेवटच्या प्रवेशात ती अशी काही मरायची की मांडवातल्या बाया पदर तोंडात धरून हुंदके द्यायच्या आणि बापे नोटा घेऊन स्टेजवर चढायचे. मग ती मरता मरता उठून नोट घ्यायची, नमस्कार करायची आणि परत मरायची. पुढे गुडघे गेले, तसं नाटकही सुटलं.

अंजनाबाईंनी एकदा एवढ्या लांब जाऊन तिचं नाटक पाहिलं होतं. परत आल्यावर साऱ्या गल्लीला त्यांचा एकच निकाल : "पोरगी चांगली मरते. पण मरताना भलती बोलते. खरा मरणारा माणूस इतका बोलते का कुठं?"

कुरड्या वाळत पडल्या, बाया घरोघरी गेल्या, आणि दुपारच्या आत विक्की आला. विक्की म्हणजे त्या भागातला केबलवाला. त्याचं स्वतःचं लोकल चॅनलही होतं. त्यावर वॉर्डातल्या बातम्या, वाढदिवस आणि हरवलेली कुत्री दाखवायचे. विक्कीचा शाळेपासूनचा दोस्त धम्मदीप स्कूल व्हॅन चालवायचा. दोन्ही किडन्या निकामी होऊन तो डायलिसिसवर होता. घरच्या कोणाची जुळत नव्हती. मेलेल्या माणसाची मिळावी म्हणून नंबर लावलेला होता. पण मेल्यावर द्यायला कोणाचे घरचे तयार होतात?

"काकू, अवयवदानाचे कार्यक्रम करून करून मी थकलो," विक्की म्हणाला. "डॉक्टर आणून बसवले, कोणी पाहत नाही. लोक म्हणतात, कुत्र्याची बातमी लाव. आता एक नाटक करू. एक बाई आहे, तिच्या डोक्यात गाठ, थोड्या दिवसांची सोबती. मेल्यावर तिची किडनी द्यायची आहे. समोर तीन पेशंट बसतील. कोणाले द्यायची ते ती टीव्हीवर, सगळ्यांसमोर ठरवेल."

"असं ठरवता येते का गा?"

"नाही न! सरकारी समिती असते, नंबरानं मिळते. तेच तर शेवटी सांगायचं. बाई खोटी, हे तिघं मात्र खरे. त्या तिघांले सगळं माहीत राहील. बाकी कोणालेच नाही."

पुष्पलताबाईंनी थोडा विचार केला. "इतके वेळा मेली, कोणाच्या कामाले नाही आली," त्या म्हणाल्या. "चाल, एकदा कामाचं मरून पाहू."

देवरावाला तेवढं सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या ड्युटीच्या दिवशी नको मरू, सुट्टी भेटत नाही."

विक्कीची एकच अट होती. जास्ती बोलायचं नाही. जाहिरातीपुरतं त्यानं तिला खुर्चीत बसवलं, केसांना तेल लावू दिलं नाही, आणि फक्त एवढं म्हणायला सांगितलं : "माझं झालं. माझ्यानंतर कोणी तरी जगावं." किडनीचं आणि तीन पेशंटांचं विक्कीनं मागून स्वतःच्या आवाजात सांगितलं.

तिथंच घात झाला. कारण ती जाहिरात अंजनाबाईंनी पाहिली. पोरगी ओरडली नाही, छातीवर हात मारला नाही, गाणं म्हटलं नाही. म्हणजे हे खरं.

"नाटकातलं मरण मी ओळखतो," त्या भावनेला म्हणाल्या आणि दारातच मटकन बसल्या. "हे नाटक नाही वं माय."

गल्लीत बातमी पसरायला संध्याकाळ पुरली. दुसऱ्या दिवसापासून पुष्पलताबाईंच्या घरी डबे यायला लागले. जाणाऱ्या माणसाची इच्छा राहू नये म्हणून त्याला आवडीचं खाऊ घालायची आपल्याकडे रीतच आहे. कोणी पाटवडीचा रस्सा आणला, कोणी गोळाभात, कोणी सुकटाची चटणी. सावनेरची नणंद सुभद्रा तर रोडगे आणि वांग्याची भाजी घेऊन जीपनं आली आणि दारातूनच गळा काढला. सगळ्या समोर बसून पाहत राहायच्या, म्हणून पुष्पलताबाईंना खावंच लागे. अंगानं भरत चालल्या बिचाऱ्या.

"चेहऱ्यावर सूज आली वं," सुभद्रा पदरानं डोळे पुसत म्हणाली.

"रोगाची आहे," देवराव उरलेला रोडगा तोंडात कोंबत म्हणाला.

हे हसण्यावारी गेलं असतं. पण अंजनाबाई डबा घेऊन आल्याच नाहीत. दोन दिवस दिसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भावना आली आणि दार ओढून घेऊन हळूच म्हणाली, "काकू, आमच्या सासूबाई मोठ्या दवाखान्यात जाऊन आल्या."

"काय झालं मावशीले?"

"काहीच नाही. किडनी द्यायले गेल्या होत्या."

म्हाताऱ्या बाईनं आपल्याच डोक्यानं हिशेब लावला होता. टीव्हीवर पुष्पा आहे, पुष्पाची किडनी काढून घेणार आहेत, आणि पुष्पा मरणार आहे. म्हणजे किडनी काढतात म्हणूनच मरणार आहे! तेव्हा त्या उपाशीपोटी सिटी बसनं गेल्या, ओळीत उभ्या राहिल्या, आणि खिडकीवर सांगितलं, "त्या टीव्हीवाल्या पेशंटले माझी द्या. आमच्या पुष्पीची राहू द्या तिच्यापाशी. तिचं वय नाही अजून." आधी खिडकीवरच्यांना काही कळेना. मग एका डॉक्टरणीनं त्यांना बाजूला बसवलं, चहा पाजला आणि समजावलं. तुम्हाला शुगर आहे, वय झालं, तुमची जिवंतपणी घेता येत नाही. अंजनाबाई रडत घरी आल्या. येता येता बसमध्ये, पानठेल्यावर, पिठाच्या गिरणीवर, ज्यानं विचारलं त्याला सांगत आल्या की माझी घेत नाहीत.

पुष्पलताबाईंनी पुढ्यातला डबा बाजूला सरकवला. त्यांनी विक्कीला फोन लावला. "मी मावशीले सांगून टाकतो. मले नाही होत."

"काकू, तिच्या पोटात गोष्ट राहील का? परवा तर कार्यक्रम आहे."

मग फोन धम्मदीपनं घेतला. तोही तिथंच बसला होता. "काकू," तो म्हणाला, "माझ्यासाठी म्हणून नाही सांगत. पण लोक पहिल्यांदा विचारून राहिले, किडनी मेल्यावर देता येते का म्हणून. माझ्या व्हॅनमधल्या पोट्ट्यांच्या आयाही विचारून राहिल्या. दोन दिवस थांबा न."

त्या थांबल्या. तोंड शिवून बसल्या. भिंतीपलीकडून अंजनाबाईंच्या खोकल्याचा आवाज आला की त्या घरातला रेडिओ मोठा करायच्या.

कार्यक्रम झाला. विक्कीच्या दुकानावरच्या खोलीत खाट टाकली होती. एका बाजूला धम्मदीप, शेजारी रामटेककडची एक शाळेतली बाई आणि कॉलेजात शिकणारी एक पोरगी. तिघांनी आपापलं सांगितलं. पाणी किती मोजून प्यावं लागतं, ते सांगताना पोरगी हसली आणि मग तिला हसता येईना. बाहेरून फोन येत होते. कोणी म्हणे पोरीले द्या, कोणी म्हणे व्हॅनवाल्याले द्या, त्याचं घर त्याच्यावर चालते. एक माणूस ओरडला, "तुम्हाले लाज नाही वाटत? मरणाचा तमाशा मांडून राहिले!"

तेव्हा पुष्पलताबाई खाटेवरून उठून बसल्या. पदर सारखा केला.

"मी मरून नाही राहिली," त्या म्हणाल्या. "मी नाटकातली बाई आहे. मले काहीच झालं नाही. मी कोणाले निवडूही शकत नाही, तो माझा काय कोणाचाच अधिकार नाही. जे व्हायचं ते नंबरानं होते. पण ह्या तिघायचं नाटक नाही. हे उद्याही मशीनवर जाणार आहेत. आता मले शिव्या द्यायच्या असतील त्या द्या. शिव्या देऊन झाल्या की घरात एकमेकायले सांगून ठेवा, आपल्यानंतर आपलं काय काय घ्यायचं ते."

स्टेजवर असती तर नोटा पडल्या असत्या. इथं कोणीच टाळी वाजवली नाही. धम्मदीपनं तेवढा पाण्याचा ग्लास पुढं केला.

दुसऱ्या दिवशी विक्कीचा फोन थांबेना. अर्धे शिव्या देणारे, अर्धे विचारणारे. गल्लीत काही जणी खूप हसल्या. सुभद्रेनं सावनेरहून फोन करून रोडग्यांचा तूप-पिठासकट हिशेब मागितला आणि शेवटी स्वतःच हसत सुटली. अंजनाबाई हसल्या नाहीत. भावनेनं सांगितलं, त्या टीव्ही बंद करून, न जेवता झोपल्या. बाहेर पडल्या तर पिठाच्या गिरणीवरचा कोणी तरी म्हणाला, "काय आजी, किडनी वापस आणली का?" तेव्हापासून त्या गिरणीवर गेल्या नव्हत्या. नळावर पुष्पलताबाई दिसल्या की भांडं अर्धं भरलेलं उचलून घरात जायच्या.

असे चार-सहा दिवस गेले. पुष्पलताबाईंना नाटक सुटल्याचं इतकं लागलं नव्हतं. शेवटी एका सकाळी त्या सरळ अंजनाबाईंच्या घरात शिरल्या आणि ओट्यापाशी खाली बसल्या.

"मावशी, दोन थापडा मारा, पण बोला."

अंजनाबाई लसूण सोलत होत्या. सोलत राहिल्या. पाकळी ताटलीत टाकून म्हणाल्या, "मी रडली वं तुझ्यासाठी. उपाशी गेली. ते माझं रडणं मले वापस दे."

पुष्पलताबाईंच्याच डोळ्यांना धार लागली. अंजनाबाईंनी वाकून, निरखून पाहिलं.

"हे खरं आहे का?"

"खरं आहे मावशी."

"हं." लसणाची साल त्यांनी फुंकरून उडवली. "तू नाटक केलं, मी नाही केलं. मी दवाखान्यात जाऊन देतो म्हटली. सगळ्या बसनं ऐकलं. आता त्या गिरणीवाल्याच्या हसण्यापायी मागं घेऊ? ती डॉक्टरीण म्हणे, जिवंतपणी नाही घेता येत. मेल्यावरचं पाहू म्हणे. किडनी नाही तर डोळे तरी. डोळ्यांले वय लागत नाही म्हणे."

"हो."

"पण माझा पोरगा ऐन वेळी घाबरेल. रडत बसेल, नाही म्हणेल. भावनेचं त्याच्यापुढं चालत नाही. मंग तेव्हा कोण बोलेल?"

पुष्पलताबाईंनी डोळे पुसले.

"तूच बोलजो," अंजनाबाई म्हणाल्या. "तुझा आवाज मोठा आहे. साऱ्या मयतीत उभी राहून सांगजो, बाईनं कबूल केलं आहे म्हणून. सांगशील न?"

"सांगीन मावशी."

"मंग माझ्या आधी मरू नको, समजलं? ना टीव्हीवर, ना कुठं." त्यांनी लसणाची ताटली पुढं सरकवली. "बसली आहेस तं सोल जराशी. अन् भावना, हिले चहा टाक. साखर कमी टाकजो, फुगून राहिली."

आतून भावनेचं हसू ऐकू आलं. पुष्पलताबाईंनी लसूण संपवला, चहा घेतला आणि त्या अंजनाबाईंबरोबर पिठाचा डबा घेऊन गिरणीपर्यंत गेल्या. गिरणीवाल्यानं तोंड उघडण्याआधीच पुष्पलताबाईंनी त्याला विचारलं, "तू काय देणार आहे गा मेल्यावर? पीठ?" त्यानं अंजनाबाईंचं दळण आधी घेतलं.

घरी आल्या तोवर ऊन चांगलंच तापलं होतं. देवराव रात्रपाळी करून आतल्या खोलीत घोरत होता आणि कुलर नुसतीच गरम हवा फेकत होता. कुलरच्या टाकीतलं पाणी संपलं होतं. पुष्पलताबाईंनी पदर खोचला, बादली नळाखाली लावली आणि भरेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.