नंदीच्या पोटातले सेल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या, मुलांच्या तान्ह्या पोळ्याला पवनीतल्या सगळ्या पोरांचे नंदी लाकडाचे असायचे. माझा होता साबणाच्या डबीचा. पाय म्हणून चार मेलेले मोठे सेल उभे केलेले, शिंगं तारेची. लाकडी बैल कितीही सुंदर असो, ओढला तरच चालतो. माझा मात्र अंगणात नुसता ठेवला की आत्ता निघेल असं वाटायचं, आणि मी दुपारभर त्याची वाट बघत बसायची.

फक्त डोळे बाकी होते. दिवाळीच्या तुटक्या माळेतले दोन लाल दिवे त्या जागी बसवले. पण दिवे लागायला जिवंत सेल हवेत, आणि घरात जिवंत सेल दोनच, मोठेबाबांच्या रेडिओतले.

मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. जन्मभर कोशाच्या रेशमी साड्या विणल्या आणि म्हातारपणी डोळे गेले. मग रेडिओ हेच त्यांचं गाव. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला हे त्यांनी त्यावरच ऐकलं आणि कितीतरी दिवस त्या रेडिओशीच भांडत राहिले. रेडिओ बंद पडला की त्यांना जेवण गोड लागत नसे. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी तान्ह्या पोळ्याच्या पहाटे मी ते सेल काढून नंदीच्या पोटात बसवले आणि दोन मेलेले रेडिओत ढकलले. आज सांगताना लाज वाटते, तेव्हा मेली वाटली नाही.

सकाळच्या बातम्यांना रेडिओनं हूं की चूं केलं नाही. मोठेबाबांनी सेल काढले, बोटांत फिरवले आणि म्हणाले, "उन्हात ठेव वं बाई. तापले का होतीन जिवंत."

आमच्याकडे थकलेल्या सेलाला उन्हाचंच औषध. मी ते टिनाच्या पत्र्यावर ठेवले. थोड्या वेळानं हाक यायची, "तापले का?" मी आणून द्यायची, ते रेडिओत घालून कान लावायचे, आणि पुन्हा म्हणायचे, "ठेव उन्हात." असं चारदा झालं. चोराच्या मनात चांदणं! दर वेळी सांगून टाकावंसं वाटायचं आणि दर वेळी नंदीचे डोळे आठवायचे.

दुपार कलल्यावर पोळा भरला. आभाळ भरून आलं, आणि त्या राखाडी उजेडात माझ्या नंदीचे डोळे असे काही पेटले की पोरं आपापल्या बैलांच्या दोऱ्या धरून बघतच राहिली. माझे पाय जमिनीला लागत नव्हते. बक्षीस? कसलं काय! ते एका भल्यामोठ्या लाकडी बैलाला गेलं. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

मग नंदी घरोघर न्यायचा. थोरांनी त्याला कुंकू लावायचं आणि पोरांच्या हातावर बोजारा ठेवायचा, खाऊ म्हणा, जे हाताशी असेल ते. घरच्या थोरांना कसं टाळणार?

मोठेबाबांनी नंदी मांडीवर घेतला. पाय चाचपून हसले, "सेलाचे पाय! वा रे डोकं." मग त्यांनी पोटाची डबी उघडली आणि त्यांचं बोट आतल्या सेलाच्या कमरेवर थांबलं. नवा कोणता, जुना कोणता हे हाताला कळावं म्हणून ते संपलेल्या सेलांवरचा कोशाचा धागा सोडून नव्यांना बांधत, विणकराची बारीक गाठ मारून. पहाटेच्या घाईत मी ती पाहिलीच नव्हती.

"मोठेबाबा, मीच काढले," म्हणताना मला रडू फुटलं.

"मले सकाळीच समजलं. त्या सेलांले धागाच नोहोता."

"मंग उन्हात काहून ठेवाले लावले?"

"तू कवा सांगशील, वाट पाहून राहिलो होतो."

मग त्यांनी विचारलं, "पेटतेत का याचे डोळे?"

"पेटतेत. लाल."

त्यांनी डबीचं झाकण लावलं, चाचपत कपाळाला कुंकू लावलं आणि नंदी माझ्या हातात दिला. "राहू दे मंग अंदरच. हाच तुझा बोजारा."

"आन् बातम्या?"

"आज तू सांग," ते म्हणाले आणि माझ्याकडे कान करून बसले.